सासऱ्याचा जन्मदाखला

३ एप्रिल २०१७, सोमवार

सकाळपासून किळस येऊन राहिली आहे. कारण एक असतं तर तेवढंच लिहिलं असतं. शंकर नगरच्या या बिल्डिंगचा जिना म्हणजे गुटख्याच्या पिचकाऱ्यांचं प्रदर्शन. पहिल्या मजल्यापर्यंत नाक दाबून चढावं लागते. वर चारुदत्त वकिलाचं ऑफिस, अन् त्यात खिडकीजवळ माझं टेबल. पस्तीस वर्षं सरकारी खात्यात रेकॉर्ड सांभाळलं. रिटायर झालो अन् घरात बसवेना, म्हणून इथे येऊन लोकांचे फॉर्म भरून देतो. चारुदत्त पोरगा चांगला आहे, अमरावतीचा, नवीन राजधानीत वकिली चालेल म्हणून आला. "नरहरीकाका, तुमच्यावाणी फाइल लावणारा अख्ख्या रायपुरात नाही," म्हणते. त्यात खोटं काही नाही.

आज हरिदास शेठ आला. सिंधी माणूस. गोल बाजारात पापड-लोणच्याचं दुकान, भनपुरीले घर, घराच्या मागच्या अंगाले पापडाचं काम. २००७ साली सगळं कुटुंब पाकिस्तानातल्या सिंधमधून इथे आलं, ते परत गेलं नाही. दहा वर्षं लांब मुदतीच्या व्हिसावर काढली. हा व्हिसा घडीघडी वाढवून घ्यावा लागते अन् दर वेळी कोण्या भारतीय माणसाले जामीन राहावं लागते. हरिदासची बायको कटनीची, जन्मानं इथलीच, तिच्या सहीवर आजवर सगळ्यांचं निभलं. आता सरकारचा हुकूम निघाला आहे की अशा हिंदूंले नागरिकत्व इथला कलेक्टरच देऊ शकते, फाइल दिल्लीले पाठवायची भानगड नाही. पण हुकूम दोनच वर्षांचा. म्हणून शेठची घाई.

मी त्याले बोटांवर मोजून नियम सांगतला. सात वर्षं इथे राहिलेला पाहिजे. अर्जाच्या आधीचं एक वर्ष देशाबाहेर पाऊल नको. अन् स्वतः किंवा आई-बापापैकी एक जण फाळणीच्या आधीच्या हिंदुस्थानात जन्मलेला पाहिजे, तेही कागदासकट. त्याचा म्हातारा बाप १९४१ चा, सक्करचा, तिथल्या म्युनिसिपालटीचा दाखला शाबूत आहे. सोन्यासारखा कागद. असा कागद पाहिला की मले जरा बरं वाटते.

दारात एक बाई उभी होती. हरिदासच्या मेलेल्या भावाची, अर्जुनची बायको. अर्जुन चार वर्षांमागे ट्रकखाली गेला. तिच्या अंगाले हिंगाचा अन् पापडखाराचा असा वास होता की मी खुर्ची मागे सरकवली. बस म्हटलं तर बसली नाही. नजर सारखी टेबलावरच्या कागदांवर. चोरट्या माणसाची असते तशी. नाव विचारलं तर हरिदासनंच सांगतलं, "अनुश्री." पासपोर्टवर पाहिलं तर मूमल. सासरी आल्यावर बदललं म्हणे.

"इसका बाद में देखेंगे. पहले हम बाप-बेटे का कर दो," हरिदास म्हणे.

मी नाही म्हटलं. बाईची नऊ वर्षांची पोरगी आहे, इथे रायपुरातच जन्मलेली, पण मायबाप दोघंही पाकिस्तानी म्हणून कागदावर तीही परदेशी. माय नागरिक झाली की मग पोरीचा रस्ता खुला होते. एका कुटुंबाच्या फायली तुकड्या-तुकड्यानं लावणं मले पटत नाही. तिघांचे अर्ज एकदमच जातील, असं ठणकावून सांगतलं. हरिदासचं तोंड कडू झालं. बाईनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

११ एप्रिल, मंगळवार

तिन्ही अर्ज कॉम्प्युटरवर चढवले. चारुदत्तचा टायपिस्ट दर पाच मिनिटांनी मोबाइल पाहते अन् त्याच बोटानं नाक कोरते. त्याच बोटानं माझे कागद हाताळते. मी रुमालानं धरून घेतले.

पुराव्याच्या रकान्यात तिघांसाठीही म्हाताऱ्याचा जन्मदाखला लावला. घराणं एक, दाखला एक, फायली तीन. चारुदत्तले दाखवून म्हटलं, "याले म्हणतात काम." तो फोनवर होता, मान हलवली.

घरी आलो तर बायकोनं, मीनाक्षीनं, विचारलं, "त्या विधवेचं पुढे काय होईल?" मी म्हटलं, नागरिक होईल, अजून काय होईल. तिचा प्रश्न मले कळलाच नाही. आमच्या तात्यापारा मोहल्ल्यात पाणी दोन दिवसांपासून गढूळ येऊन राहिलं आहे, ते सोडून हिले दुसऱ्याच्या विधवांची चिंता.

२ मे, मंगळवार

आज ती बाई एकटीच आली. गोल बाजारात उडदाची डाळ पाहाले जाते असं सांगून निघाली होती. घामानं थबथबलेली, ओढणीनं तोंड पुसत. आज बसली.

"साहब, मेरा अलग कर दो. मेरा और बच्ची का. उनसे अलग."

मी विचारलं, काहून. तर हळूहळू बोलाले लागली. पहाटे चारपासून पापड लाटते. पोरगीही शाळेतून आली की लाटाले बसते. तिले शिवणकाम येते, एका बाईनं कपडे शिवाले काम देते म्हटलं आहे, राहाले खोलीही. पण जेठ, म्हणजे थोरला दीर हरिदास, म्हणते, पाय बाहेर टाकला तर व्हिसाच्या कागदावर सही मिळणार नाही, मग जा पाकिस्तानात. नागरिकत्वाचा कागद हातात आला की कोणाच्याही सहीची गरज नाही, एवढं तिनं कोणाकडून तरी ऐकलं होतं. खरं आहे काय, विचारून राहिली होती.

खरंच आहे. मी खरं आहे म्हटलं. पण मले तिचा रागच आला. ज्यानं नवरा मेल्यावर घरात ठेवलं, खाऊ घातलं, त्याच्याच फायलीत बसून त्याच्याच पाठीमागे हे धंदे. कागद मिळाला की फुर्र. अशी माणसं पाहिली की मले शिसारी येते. सरकारी नोकरीत हेच पाहत आयुष्य गेलं, प्रत्येक जण दुसऱ्याच्या नकळत आपला कागद पुढे सरकवून राहिला.

"अर्ज वेगळाच असते प्रत्येकाचा," एवढंच सांगतलं अन् तिले वाटे लावलं. तिनं टेबलाले हात लावून नमस्कार केला. नंतर मी टेबल पुसून घेतलं.

संध्याकाळी हरिदासले फोन केला. माझा अशील तो आहे, तिनं येऊन काय विचारलं हे त्याले सांगणं माझं काम आहे. सांगून टाकलं की मन मोकळं होते. तो शांतपणे ऐकून घेत होता. "अच्छा किया बता दिया, पिंपळकर साहब," म्हणे.

९ मे, मंगळवार

बाई आज हरिदाससोबत सह्या कराले आली. जिथे बोट ठेवलं तिथे सही. पोरगीही सोबत होती, शाळा सोडवली म्हणे, आता घरीच असते. एवढीशी पोट्टी पण बोटं बघितली तर लाटण्यानं घट्टे पडलेले. सर्दीनं नाक वाहत होतं, कोणी पुसून देईना. मी तोंड फिरवलं.

काही विचारायचं राहिलं म्हणून दुपारी बाईच्या नंबरवर फोन लावला तर हरिदासनं उचलला. तिचा फोन आता त्याच्याजवळच असते. बरं झालं, एकाच नंबरवर सगळं काम होते.

२० जून, मंगळवार

कचेरीत बोलावलं होतं. डोकं अजून तापलेलंच आहे.

हरिदास अन् म्हाताऱ्याचा अर्ज पुढे सरकला. बाईचा परत. टेबलापलीकडे एक तरुण अधिकारी बाई, माझ्या पोरीच्या वयाची. कागद उलटापालटा करून अगदी अदबीनं म्हणे, "सर, इसमें इनके माता-पिता का प्रमाण नहीं है."

मी म्हटलं, लावलं आहे, नीट पाहा.

"सर, ये तो ससुर हैं."

मी दहा मिनिटं भांडलो. एकच कुटुंब आहे, एकाच घरात राहतात, सून म्हणजे त्याच घरची. तिनं नियमाचं पान माझ्यापुढे ठेवलं अन् 'माता-पिता' या शब्दावर पेन्सिल टेकवली. ते पान मले तोंडपाठ आहे. ओळ न् ओळ पाठ आहे. तरी तिथे बसून मी तिलेच समजावत होतो की पस्तीस वर्षं असंच चालत आलं आहे. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणे, "आप इनके पिताजी का कागज़ ले आइए, मैं तुरंत ले लूँगी."

बाई बाजूच्या खुर्चीवर बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, अधिकाऱ्याकडेही नाही. मांडीवरच्या हातांकडे पाहत होती. हरिदास मात्र दारात उभा राहून मिशीतल्या मिशीत हसून राहिला होता.

२१ जून, बुधवार

काल जेवलो नाही. आज मीनाक्षीनं खोदून खोदून विचारलं तेव्हा सांगतलं. वाटलं, ही त्या अधिकाऱ्याले दोन शब्द बोलेल. ती कणीक मळत होती, मळता मळता थांबली.

"तिचा बाप कोण, विचारलं काय तुम्ही?"

"कोण कायले विचारते? मेला असेल की जिवंत, कोण जाणे."

"म्हणजे विचारलं नाही."

मी म्हटलं, मले शिकवू नको. तर ती हात न धुताच समोर येऊन बसली. बोटांले पीठ तसंच. "माझं नाव लता होतं, आठवते काय तुमाले? तुमच्या आईनं तांदळात बोटानं मीनाक्षी लिहिलं अन् झालं. रेशन कार्ड, बँक, मतदान, जिथे तिथे माझ्यामागे तुमचं नाव. माझ्या बापाचं नाव या घरातल्या एका कागदावर दाखवा. छत्तीस वर्षं झाली, मी कधी काही म्हटलं नाही. पण तुमाले ते इतकं अंगवळणी पडलं आहे की त्या बाईलेही तुम्ही बिनबापाची करून टाकलं."

गोष्ट कुठची कुठे नेली. मी उठून बाहेर गेलो. दुपारच्या उन्हात चौकापर्यंत चालत गेलो अन् परत आलो. चूक झाली हे तर कालच कळलं होतं. एखाद्या शिकाऊ कारकुनानं केली असती तर मी त्याची पाठ सोलून काढली असती.

२३ जून, शुक्रवार

हरिदास मिठाईचा डबा घेऊन आला. मी म्हटलं, भावजयीचं काम अडलं, त्याचं वाईट वाटते, माझी चूक आहे, मी दुरुस्त करून देतो. तर तो खुर्चीत मागे रेलून म्हणे, "अरे साहब, गलती कैसी? आपने तो मेरा काम कर दिया. अब देखते हैं कहाँ जाती है." म्हणे, सप्टेंबरात तिचा व्हिसा संपते. सही पाहिजे असेल तर जन्मभर पापड लाटेन असं देवापुढे बोलून दाखवावं लागेल.

माझ्या तोंडात त्यानं आणलेला पेढा होता. गिळवेना अन् थुंकवेना. शेवटी बाहेर जाऊन थुंकलो, त्याच जिन्यात, जिथे लोक थुंकतात म्हणून मी रोज शिव्या देतो.

मे महिन्यात फोन करून त्याले सांगणारा मीच. त्या दिवशी मन मोकळं झालं असं लिहिलं आहे या डायरीत. आत्ता पान उलटून पाहिलं. स्वतःच्या अक्षराची एवढी किळस मले आयुष्यात कधी आली नव्हती.

३० जून, शुक्रवार

आज भनपुरीले गेलो. हरिदास दुकानावर असते ती वेळ धरून. ट्रकांच्या रांगा, लोखंडाच्या कारखान्यांची काळी धूळ, नाल्याले असा वास की डोळे चुरचुरतात. त्यातच घरांच्या गच्चीवर पापड वाळत घातलेले. हेच आपण ताटात घेतो.

हरिदासची बायको बाहेर गेली होती. बाई मागच्या खोलीत पाटावर बसून लाटत होती, बाजूले पोरगी. पंखा नाही, पापड उडतात म्हणून. भिंतीले टेकून म्हातारा बसला होता, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, काठी मांडीवर.

मी उभ्यानंच सांगून टाकलं. म्हटलं, मे महिन्यात तुम्ही आल्या होत्या ते हरिदासले मीच सांगतलं. फोन गेला, पोरीची शाळा सुटली, ते माझ्यामुळे. अन् दाखला चुकीचा लागला, तोही माझ्यामुळे. लाज वाटून राहिली आहे.

तिचं लाटणं थांबलं नाही. "मालूम है साहब. उसी शाम मालूम पड़ गया था."

"मग नंतर माझ्यासमोर सह्या काहून केल्या?"

"फॉर्म भरना तो आप ही को आता है," ती म्हणाली. "मैं और कहाँ जाती?"

ती रागावली असती तर सोपं गेलं असतं. मी तिथे एका डब्यावर बसलो. म्हटलं, पुन्हा अर्ज करू, फक्त तुमचा, पण तुमच्या वडलांचा कागद पाहिजे. वडील आहेत काय?

ती लाटतच राहिली. माहेरशी बोलणं बंद आहे हे मले म्हाताऱ्यानं सांगतलं. लग्नानंतर दोन घरांत वाजलं, हरिदासनं तोडून टाकलं, तेव्हापासून दहा वर्षं ना फोन ना चिठ्ठी. म्हातारा सगळं हिंदीत, थांबत थांबत बोलत होता. मग त्यानं उशीखालून एक वही काढून माझ्या हातात दिली. त्याले दिसत नाही, पण पान त्यानं बरोबर उघडून दिलं. तिच्या बापाचा नंबर. "समधी है मेरा. साथ पढ़े हैं. मुझसे दो साल छोटा है. ज़िंदा है, ईद पर भी बात हुई."

सुनेले दहा वर्षं हे सांगतलं नाही म्हाताऱ्यानं. ती लाटणं टाकून त्याच्याकडे पाहत राहिली. म्हातारा दुसरीकडे तोंड करून बसला. पोराच्या घरात राहून पोराले भिते, एवढं मले कळलं, माणूस म्हणून याच्यात अन् माझ्यात फरक काढावा असं काही दिसलं नाही.

माझ्या फोनवरून नंबर लावला. तिकडे कोणीतरी उचललं. ती म्हणाली, "बाबा, मां मूमल." मी मूमल, एवढं कळलं. त्यापुढे सिंधीत काय बोलणं झालं ते मले समजलं नाही, मी बाहेर येऊन उभा राहिलो. पोरगीही माझ्यामागे आली. म्हणे, "मम्मी का नाम मूमल है?" तिले ठाऊक नव्हतं.

६ सप्टेंबर, बुधवार

बापाच्या शाळेचा दाखला आहे. जन्म १९४३. फोटो आला, म्हाताऱ्याले एक अक्षर दिसत नाही म्हणून सिंधी वाचणारा दुसरा माणूस शोधून मी तर्जुमा करवून घेतला. पण कचेरीले फोटो चालत नाही, अस्सल कागद पाहिजे, तो पाकिस्तानच्या टपालावर सोपवाले बाप तयार नाही. दिवाळीनंतर तिकडून रायपूरच्या सिंधी संतांच्या दरबारात दर्शनाले यात्रेकरूंचा जत्था येते, त्यात त्याच्या ओळखीचा माणूस आहे, त्याच्या हाती देईन म्हणे. तोवर वाट.

पण व्हिसा या महिन्यात संपते. ऑगस्टात हरिदासले प्रमाणपत्र मिळालं (म्हाताऱ्याचं अजून यायचं आहे), तो आता पक्का भारतीय, अन् त्यानं अन् त्याच्या बायकोनं सहीले साफ नकार दिला. दुसरा जामीन पाहिजे. चारुदत्तले विचारलं तर म्हणे, "काका, उद्या ती कुठे निघून गेली तर पोलीस माझ्या दारात." खरं आहे त्याचं. मीही तेच म्हणत होतो. पेन्शनवर जगणारा माणूस, म्हातारपणी ठाण्याच्या चकरा नकोत. रात्रभर पुटपुटत होतो, हे चूक नाही, हे चूक नाही.

सकाळी मीनाक्षी तयार होऊन बसलेली. पर्समध्ये आधार, मतदान कार्ड, घरपट्टीची पावती. "मी राहते जामीन."

मी म्हटलं, तुले काय कळते त्यातलं.

"सही करता येते मले," म्हणे.

मीच तिले स्कूटरवर घेऊन गेलो. कारकुनानं माझ्याकडे पाहून विचारलं, आप गारंटर? मी नाही म्हणून मान हलवली अन् बायकोकडे बोट केलं, ही. मीनाक्षीनं हळूहळू, एकेक अक्षर जपून सही केली. बाहेर आल्यावर म्हणाली उसाचा रस पाहिजे. दोघंही उन्हात उभं राहून रस प्यालो. गाडीवाल्याचे हात इतके घाण होते, तरी प्यालो.

२२ नोव्हेंबर, बुधवार

कागद आला. यात्रेकरू माणूस प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून घेऊन आला. चौघडी केलेला, पिवळा, कडांले फाटलेला. कुटुंबात कोणी कापूर ठेवत असेल त्यात, वास आला. मी दोन्ही हातांनी घेतला.

म्हाताऱ्यानं मोठी शक्कल केली. डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं म्हणून सुनेले सोबत घेतलं अन् रिक्षा सरळ शंकर नगरले आणली. त्याचं डोळ्याचं काम राहूनच गेलं. या वेळी प्रत्येक रकाना तिले विचारून भरला. नाव. वडलांचं नाव. आईचं नाव. आईचं नाव सांगताना अडखळली, मग दोनदा सांगतलं. पत्त्याच्या रकान्यात भनपुरी. "अभी के लिए," म्हणाली.

चारुदत्तनं सगळं एकदा तपासून पाहिलं. मीच म्हटलं तपास म्हणून. आधी कधी म्हटलं नव्हतं.

२७ मार्च २०१८, मंगळवार

नवी डायरी, पण तीच गोष्ट पूर्ण करून टाकतो.

आज तिले प्रमाणपत्र मिळालं. आधी शपथ घ्यावी लागते, संविधानाशी निष्ठा ठेवीन म्हणून. आतल्या खोलीत मले जाऊ दिलं नाही. बाहेर बाकावर बसून दाराच्या फटीतून तिचा आवाज ऐकला. हिंदीतून वाचत होती, शब्द अडत होते, पण आवाज बारीक नव्हता. मी, मूमल, असं म्हणाली.

बाहेर आली तेव्हा हातात कागद, पोरगी बाजूले. पोरीचा अर्ज आता आईच्या आधारानं लागेल, तो मी आधीच तयार करून ठेवला होता. तिनं तिथेच सही केली. मग म्हणाली, माझे सगळे कागद परत द्या. मी फाइल दिली. तर म्हणे, झेरॉक्सही. चारुदत्तच्या ऑफिसात ज्या असतील त्याही. कॉम्प्युटरवर जे असेल ते पुसून टाका. मी म्हटलं, पोरीच्या कामाले लागतील. "तब मैं ले आऊँगी."

ऑफिसात येऊन तिनं एकेक कागद स्वतः पिशवीत भरला. टायपिस्टच्या मागे उभी राहून फाइल पुसून घेतली. तिचा नवीन फोन होता, साधा, बटनांचा. त्याचा नंबरही दिला नाही.

मले काय झालं कोण जाणे. आठ-नऊ महिने या एका कामाच्या मागे होतो, वाटलं आपुलकीनं चार शब्द बोलावे. मीनाक्षीनं तिच्यासाठी साडी दिली होती ती दिली. ती तिनं घेतली, डोक्याले लावली, वहिनीले नमस्कार सांगा म्हणाली. मग मी सहज विचारलं, आता भनपुरीले तर जाणार नाही, राहणार कुठे?

ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर होती. वळून माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता तोंडावर.

"वो आपको नहीं बताऊँगी, साहब."

पोरीचा हात धरून खाली उतरली. मी वरतीच उभा होतो. संध्याकाळी हरिदासचा फोन आला, कुठे गेली म्हणून ओरडत होता. मले ठाऊक नाही म्हणून सांगतलं. बरं झालं तिनं सांगतलं नाही.